गणपतीचे नाव नसलेली घटना

पद्माकर बेहेरे देवभोळा नव्हता, आणि नास्तिक तर मुळीच नव्हता. रोज सकाळी स्नान झाले की सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या आपल्या फ्लॅटमधल्या लहानशा देव्हाऱ्यापुढे तो क्षणभर हात जोडून उभा राही, कपाळाला गंध लावी, ऑफिसात ते शोभणार नाही म्हणून लगेच पुसून टाकी, आणि तळहाताएवढी एक पुस्तिका खिशात घालून एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, गाठी. ती पुस्तिका एखाद्या स्तोत्राची असावी, असा माझा पुष्कळ दिवस समज होता. आकार तसा, कडा झिजलेल्या तशा, आणि ती उघडताना त्याच्या मुद्रेवर येणारे आर्जवही तसेच. एकदा मी न राहवून विचारले, "कुठलं स्तोत्र म्हणतोस रे रोज?"

तो चक्क लाजला. "स्तोत्र नाही अण्णा. अमेरिकेची घटना आहे."

माझा मुलगा शिरीष सिंगापुरात एका बँकेत नोकरीला. त्याच्याकडे मी दरवर्षी चार-दोन महिने जाऊन राहत असे. पद्माकर त्याच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, राहणारा; वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगकाठी किरकोळ, बोलणे हळू. आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला तिथे बोलायला कोणी मिळणे कठीण. पण संध्याकाळी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेतल्या दगडी बाकावर पद्माकर येऊन बसला, की माझा दिवस सार्थकी लागे.

त्याची नोकरी चांगी बिझनेस पार्कमध्ये, एका अमेरिकन बँकेच्या कचेरीत. म्हणजे रोज बेटाच्या पश्चिम अंगाहून पार पूर्व टोकाला जायचे. तिथे त्याचे काम काय, हे मला समजायला वेळ लागला. समजले तेव्हा मात्र त्या कामाविषयी आदर वाटला. बँकेतला कोणताही मोठा व्यवहार एकाने भरायचा आणि दुसऱ्याने तपासून पुढे सोडायचा. भरणाऱ्याला ते मेकर म्हणतात, सोडणाऱ्याला चेकर. भरणाऱ्याच्या हाती सोडण्याचा अधिकार कधीही जाऊ नये, ही मर्यादा सर्वत्र पाळली जाते ना, एवढे पाहणे हा पद्माकरचा स्वधर्म.

"माणूस प्रामाणिक आहे का, हा प्रश्नच आमच्याकडे विचारत नाहीत," तो सांगे. "आहे असंच धरून चालतात. आणि तरीही दुसरी किल्ली दुसऱ्याकडे देतात. यात कोणाचा अपमान नाही अण्णा. उलट त्या माणसाला मोहापासून वाचवलेलं असतं."

हे तत्त्व त्याला अमेरिकेच्या घटनेत भेटले, आणि तिथूनच त्या घटनेवर त्याचा जीव जडला. दोन हजार सालच्या नोव्हेंबरात बँकेने त्याला प्रशिक्षणासाठी फिलाडेल्फियाजवळ धाडले होते. थंडीचा कोट त्याच्यापाशी नव्हता. तो दिला हेमचंद्र सबनीसने. हा हेमचंद्र त्याचा जिवलग. पद्माकर प्रथम सिंगापुरात आला तेव्हा नोकरी पक्की होईपर्यंत याच हेमचंद्रच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये राहिला होता. तिथेच जेवला, तिथेच आजारी पडून बरा झाला. हेमचंद्र देहाने आडवा, आवाजाने मोठा, देण्याघेण्यात सढळ. त्याचा कोट पद्माकरला गुडघ्यांपर्यंत आला. त्या ढगळ कोटात एका रविवारी तो फिलाडेल्फियातल्या त्या सभागृहात जाऊन उभा राहिला, जिथे १७८७ सालच्या उन्हाळ्यात ती घटना लिहिली गेली.

त्या सभागृहाचे वर्णन तो असे करी, की जणू स्वतः कोपऱ्यात बसून सारे ऐकून आला आहे. "बाहेर कडक उन्हाळा, अंगात लोकरीचे कोट, आणि बातमी फुटू नये म्हणून दारं-खिडक्या बंद! आपल्या मराठी मंडळाची सभा एसी बंद पडला तर पाच मिनिटांत संपते." सभेचा अध्यक्ष ज्या खुर्चीत बसे, तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. तो उगवता की मावळता, हे नुसते पाहून ठरत नाही, असे तो म्हणे.

पण खुर्चीहून त्याला दिपवले ते बाहेरच्या रस्त्याने. त्याच महिन्यात तिथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली होती आणि निकाल लागत नव्हता. मोजणी, फेरमोजणी, न्यायालय. आठवड्यांमागून आठवडे उलटले, एवढ्या बलाढ्य देशाला आपला पुढचा प्रमुख कोण हे ठाऊक नव्हते. "आणि अण्णा, बस वेळेवर येत होती. लोक भांडत होते, पण टीव्हीवर. रस्त्यावर एक सैनिक नाही. मी ज्या हॉटेलात उतरलो होतो तिथली बाई नाश्ता वाढताना म्हणाली, कागदावर लिहिलंय ना सगळं, होईल ठरल्याप्रमाणं." त्या एका वाक्याने पद्माकर तिचा शिष्य झाला. परतताना त्याने ती इवलीशी पुस्तिका विकत घेतली.

आमच्या संध्याकाळच्या गप्पांत मी त्याला आपल्याकडचा राजधर्म सांगावा आणि त्याने मला त्यांची सात कलमे सांगावी, असा परिपाठ पडला. धर्म हा राजाच्याही वरचा, हे आपण फार पूर्वी म्हटले. परंतु राजाने तो मोडला तर त्याचा हात कोणी धरायचा, याची सोय ऋषींच्या कोपावर सोपवली. तिकडच्या लोकांनी ती कागदावर केली. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, निवाडा देणारे वेगळे. आणि तिघांनाही एकमेकांच्या वाटेत उभे राहण्याची मुभा. राजाला झुगारून आलेल्या त्या तेरा राज्यांना कोणा एकाच्या हाती सारी सत्ता द्यायची धास्ती होती, आणि कोणाच्याच हाती न दिल्याने काय होते, याचाही अनुभव होता. आधीची त्यांची जूट इतकी सैल होती की मध्यवर्ती सभेने मागावे आणि राज्यांनी मनाला येईल तर द्यावे. जूट सुधारायला म्हणून ते जमले आणि नवीच घटना लिहून उठले.

मला सर्वांत रुचली ती त्यांची दुरुस्तीची रीत. मूळ मजकूर खोडायचा नाही. जे सुचले ते शेवटी जोडायचे. मी म्हणालो, "अरे, म्हणजे हे सूत्र आणि वार्त्तिक झालं! सूत्रकाराचा शब्द तसाच ठेवायचा. राहून गेलं ते आणि चुकलं ते वार्त्तिकात सांगायचं."

पद्माकर इतका हरखला की तो शब्द त्याने तिथल्या तिथे तीनदा उच्चारून पाहिला.

मात्र एका ठिकाणी त्याची वाणी नेहमी अडखळे. गुलामांची गणती माणसाच्या तीन-पंचमांश म्हणून करणारे वाक्य त्या मूळ मजकुरात आजही आहे. मी एकदा जरा टोचूनच म्हणालो, "असल्या कागदाला तू हात जोडतोस?"

तो म्हणाला, "खोडलेलं नाही म्हणून तर दिसतं अण्णा. आपण काय केलं होतं ते रोज वाचावं लागतं. पुसायचा मार्गही त्यांनीच लिहून ठेवला. पण त्या मार्गानं जायला त्यांना युद्ध करावं लागलं, लाखो माणसं मेली. कागदाला हात जोडतो, ते कागद निर्दोष आहे म्हणून नाही. चुकू शकतो असं त्यानं स्वतःच कबूल केलंय म्हणून."



ही विद्या त्याच्या पोटातच राहिली असती, पण २००३ साली मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात एक घोटाळा झाला. तोवर पश्चिमेकडची जुरोंगची कुटुंबे, उत्तरेकडची सेम्बावांगची आणि पूर्वेकडे चांगीच्या आसपास राहणारी, असे तीन घोळके मिळून, म्हणजे कोणीच न ठरवता, उत्सव करीत. त्या वर्षी जुरोंगकरांनी पुण्याहून मूर्ती आणली, सेम्बावांगकरांनीही आणली, आणि सभागृह दुसऱ्याने घेतले असेल या भरवशावर ते कोणीच घेतले नाही. दोन गणपती आणि बसायला जागा नाही! शेवटी दोघेही बाप्पा हेमचंद्रच्या दिवाणखान्यात शेजारी शेजारी विराजमान झाले आणि निम्मी मंडळी दाराबाहेरच्या व्हरांड्यात आरतीला उभी राहिली.

"तेरा राज्यांचं हेच झालं होतं," पद्माकर म्हणाला.

"तेरा राज्यांनी निदान मोदक तरी मोजून केले असतील," हेमचंद्र गरजला. "आता हसतोस काय पद्या, लिही तुझी घटना!"

मंडळाची रीतसर नोंदणी करायची तर तिथल्या कायद्याने लिखित घटना लागतेच. बाकीच्यांचे म्हणणे, तयार नमुना मिळतो, नावे घाला आणि द्या. पद्माकरने नमुना बाजूला ठेवला आणि तिथला वर्षअखेरचा पावसाळाभर लिहीत बसला. सेम्बावांगची घरे थोडी, जुरोंगची पुष्कळ. संख्येने आपण बुडू ही सेम्बावांगकरांची भीती ओळखून त्याने कार्यकारिणीत तिन्ही भागांना समान जागा दिल्या आणि सर्वसाधारण सभेत माणशी एक मत ठेवले. खर्च करणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. आणि अध्यक्ष कोणीही असो, लागोपाठ दोन वर्षांहून अधिक नाही.

"त्यांच्याकडं हे आधी लिहिलेलंच नव्हतं," तो मला म्हणाला. "पहिल्या अध्यक्षानं दोनदा झाल्यावर आपण होऊन खुर्ची सोडली, आणि सगळे ते पाळत राहिले. पुढं एकानं पाळलं नाही, तेव्हा कुठं लिहून ठेवलं. मी आधीच लिहून ठेवतो."

मसुदा वाचून दाखवला तेव्हा वेगळाच गहजब उडाला. सगळी कलमे ऐकून झाल्यावर शिरीष म्हणाला, "पद्माकर, सगळं ठीक आहे, पण यात गणपती कुठाय?"

खरेच, तो कुठेच नव्हता. 'सांस्कृतिक कार्यक्रम' होते, 'वार्षिक उत्सव' होता. देवाचे नाव, पूजा, आरती, यजमान, यांपैकी एक अक्षर नव्हते.

"त्यांच्याही घटनेत देवाची योजना नाही," पद्माकर शांतपणे म्हणाला. "देव नको म्हणून नव्हे. पदावर बसायला कोणाचा देव कोणता, हे विचारायचं नाही म्हणून. देव लोकांकडे, पद कागदावर."

"गणपती मंडळाच्या घटनेत गणपती नाही!" हेमचंद्र पोट धरून हसला. "पद्या, तू मोदकात सारण घालायचं विसरलास." पण मंजूर करून घेतले त्यानेच, आणि पहिला अध्यक्षही एकमताने तोच झाला.

त्याच्या अध्यक्षतेची ती दोन वर्षे मी पाहिली. असा उत्सव क्वचित होतो. सभागृह महिनाभर आधी ठरलेले, मुलांची नाटुकली, दुपारची पंगत, आणि पूजेला यजमान म्हणून स्वतः हेमचंद्र. अध्यक्षानेच पूजेला बसायचे, हे कोणी ठरवले नव्हते. पहिल्या वर्षी तो बसला, दुसऱ्या वर्षी बसला. आणि आपल्याकडे दोन वर्षांत परंपरा तयार होते. हेमचंद्रला त्या पाटाचे अप्रूप वेगळे होते. "आमच्या वाईच्या सार्वजनिक गणपतीला माझे वडील अध्यक्ष म्हणून बसायचे," तो सांगे. "मी लहानपणी खांबाआडून बघायचो."

२००६ साली त्याची आई, सगळ्यांच्या माई, प्रथमच सिंगापूरला यायच्या होत्या. वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुलाला त्या पाटावर बसलेला पाहायचे, एवढ्या एका इच्छेने त्या वयात त्यांनी विमानात पाऊल ठेवायचे मान्य केले होते. आणि हेमचंद्रची दोन वर्षे त्याच वर्षी जुलैत पुरी होत होती.

वार्षिक सभेला मीही प्रेक्षक म्हणून गेलो होतो. चहा झाला आणि शिरीष उठला. "मंडळी, नियम नियमाच्या जागी. पण यंदा माई येताहेत. तेव्हा ती दोन वर्षांची अट या वर्षापुरती बाजूला ठेवून हेमचंद्रलाच अध्यक्ष करावं, अशी मी सूचना मांडतो."

"अनुमोदन!" चारी बाजूंनी आवाज आले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्या मंडळांतून ठराव संमत होतात ते असेच. मीही मनापासून टाळ्या वाजवल्या.

टाळ्या विरल्या, तेव्हा पद्माकर उभा होता. "टाळ्या म्हणजे मत नव्हे," तो म्हणाला.

"घ्या, वॉशिंग्टन बोलले!" शिरीषने टोला दिला. हशा पिकला.

पद्माकरचे कान लाल झाले, पण तो खाली बसला नाही. "घटना बदलता येते. पण तशी सूचना आधी सगळ्यांच्या घरी जायला हवी, आणि सभासदांची मतं मोजायला हवीत. सूचना गेलेली नाही. टाळ्या कोणी कोणी वाजवल्या? मागच्या रांगेतल्या पाहुण्यांनी वाजवल्या. कडेवरच्या बाळानं वाजवल्या. अण्णांनी वाजवल्या, अण्णा टुरिस्ट आहेत."

सर्वांनी वळून माझ्याकडे पाहिले. मी हात मांडीखाली घेतले.

हेमचंद्र अध्यक्षाच्या खुर्चीत होता. त्याचा मोठा आवाज एकाएकी लहान झाला. "पद्या, तुला मी नको असेन तर तसं सांग. कागद कशाला मधे आणतोस?"

"हेमू, तू हवाच आहेस. नियम तुझ्यासाठी नाही, तुझ्यानंतर जो कोणी येईल त्याच्यासाठी आहे. आज चांगल्या माणसासाठी तो वाकवला, तर उद्या वाईट माणसासाठी मोडताना तुझंच नाव पुढं करतील."

"चांगला माणूस म्हणे," हेमचंद्र पुटपुटला. मग त्याने घसा साफ केला. "पुढचा विषय घ्या. नव्या अध्यक्षाची निवड." त्याही क्षणी त्याने सभा सोडली नाही, ती रीतसर शेवटास नेली, याची नोंद मी मनात करून ठेवली.

निवड झाली प्रणिताची. चांगीकडे राहणारी, पुण्याहून आलेली, एका आयटी कंपनीतली तडफदार मॅनेजर. ती बिचारी गांगरून म्हणाली, "मी? अहो, मला आरतीसुद्धा पाठ नाही. दुसरं कडवं आलं की मी नुसते ओठ हलवते!" कोणी फारसे हसले नाही.

त्या दिवसापासून हेमचंद्र पद्माकरशी बोलेनासा झाला. पद्माकरने फोन केला तर तो उचलला जाई, आणि "कामात आहे" एवढे बोलून ठेवला जाई. संध्याकाळी बाकावर तो माझ्याशेजारी बसे. पण पुस्तिका उघडून एकाच पानावर थांबे.

माई आल्या. एका शनिवारी पद्माकर मला घेऊन त्यांच्या पाया पडायला सेम्बावांगला गेला. हेमचंद्र घरी नव्हता. किंवा आम्ही येणार म्हणून नव्हता. माईंना या भानगडीचा पत्ताच नव्हता. सांगायचा धीर मुलाला झाला नव्हता, हे उघड होते. त्यांनी आम्हाला लाडू दिले, आणि कपाटातून पिवळा पीतांबर काढून पद्माकरच्या हातात ठेवला. "हा ह्यांचा. वाईहून पदराखाली घालून आणलाय. कमरेला पुरेल ना रे हेमूला? बसेल ना तो यात?"

पद्माकरने त्या रेशमावरून हात फिरवला. "पुरेल, माई," तो म्हणाला. बसेल की नाही, हे तो बोलला नाही. परतीच्या एमआरटीत पुस्तिका खिशातून बाहेर आली नाही.

त्याच्या घरी पोचलो तेव्हा अरुणाने, त्याच्या पत्नीने, चहा टाकला. ती एका कंपनीत अकाउंटंट; बोलणे मोजके आणि नेमके. पद्माकरने पीतांबराचे सांगितले. तेवढ्यात आतून त्यांची लेक ऋता तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "बाबा, यू सो स्ट्रिक्ट लाह! हेमूकाका तुझा बेस्ट फ्रेंड आहे."

"बेस्ट फ्रेंड आहे म्हणूनच," पद्माकर म्हणाला; पण त्याच्या आवाजात त्राण नव्हते. "अण्णा, मी चुकलो का? नियम बरोबर आहे. तरी माई वाईहून तो पीतांबर घेऊन आल्या, तो घडीच राहायचा."

अरुणाने कप ठेवले. "अहो, एक विचारू? तुमच्या घटनेत गणपतीच नाही म्हणून सगळे हसले होते ना? मग पूजेला अध्यक्षानंच बसायचं, हे तरी त्यात कुठं लिहिलंय?"

पद्माकर तिच्याकडे पाहतच राहिला. एवढ्या दिवसांत ही गोष्ट आम्हा दोघांही पंडितांना सुचू नये! ज्याने देव आणि पद यांची फारकत स्वतःच्या हाताने केली, तोच इतरांसारखा पाट आणि खुर्ची एक समजून झुरत बसला होता.

"नाही लिहिलं," तो सावकाश म्हणाला. "पूजा मी कोणाकडेच दिलेली नाही. आणि जे पदाला दिलेलं नाही, ते लोकांकडेच राहिलं. त्यांचं दहावं वार्त्तिक अण्णा! पहिल्या दहांत अगदी शेवटी तेच जोडलंय, की जे दिलं नाही ते राज्यांचं, नाहीतर लोकांचं."

"मग सांगा हेमचंद्रभावजींना, बसा म्हणून."

"मी कोण सांगणारा? लोकांना विचारायला हवं."

"तुम्ही आणि तुमचे लोक," अरुणा म्हणाली. पण हसत म्हणाली, आणि प्रणिताला फोन लावून दिला.

उत्सवाच्या आदल्या दुपारी सभागृहात सजावट चालली होती. सारी कुटुंबे होती, पाहुणे होते, मुले धावत होती. हेमचंद्र शिडीवर चढून तोरण बांधीत होता. पद्माकर खालच्या टोकाला असूनही दोरा मागताना तो दुसऱ्याच कोणाला हाक मारी. प्रणिता खुर्चीवर चढली. "ऐका! अध्यक्ष म्हणून माझा पहिला हुकूम आहे... नाही, हुकूम नाही, प्रश्न आहे. उद्या पूजेला कोण बसणार? मी बसले तर बाप्पा रागावतील. घटनेत याबद्दल काहीही नाही, असं पद्माकरदादा म्हणतात. तर सगळ्यांनी मिळून सांगा."

"हेमचंद्र!" पहिला आवाज शिरीषचाच. मग त्याची मान तिरकी झाली. "का हो वॉशिंग्टन, आधी सूचना पाठवली होती का घरोघरी?"

"इथं लागत नाही," पद्माकर म्हणाला. "घटनेत गणपतीच नाही."

या वेळी हशा वेगळा होता.

"आणि मतं? मोजायची का? मागं अण्णा बसलेत, टुरिस्ट."

"इथं अण्णांच्याही टाळ्या चालतील," पद्माकर म्हणाला. "कडेवरच्या बाळांच्यासुद्धा. वाजवा!"

असा कडकडाट त्या सभागृहाने पुन्हा ऐकला नसेल. मी तर तळहात लाल होईतो वाजवल्या. हेमचंद्र शिडीवर आमच्याकडे पाठ करून उभा होता. तोरणाची गाठ त्याने पुन्हा सोडली, पुन्हा बांधली, मग सावकाश खाली उतरला आणि पद्माकरकडे न पाहता प्रणिताला म्हणाला, "किती वाजता यायचं?"

दुसऱ्या दिवशी पूजा सांगण्याचे काम माझ्याकडे आले. वडिलांचा पीतांबर नेसून हेमचंद्र पाटावर बसला; कमरेला तो जेमतेम पुरला. माई पुढच्या खुर्चीवर होत्या. सभागृहाच्या किल्ल्या हातात खुळखुळवीत प्रणिता दारातल्या चपला रांगेत लावून घेत होती. माईंनी विचारले, "ती धावपळ करणारी मुलगी कोण रे?"

पद्माकर शेजारीच उभा होता. "ती आमची अध्यक्ष, माई."

"अध्यक्ष?" माईंनी भुवया उंचावल्या. "मग हेमू कोण?"

हेमचंद्रचा हात पळीवर थबकला.

"हेमूला आम्ही सगळ्यांनी मिळून बसवलंय," पद्माकर म्हणाला.

"हां, मग बरोबर," माई निवांत झाल्या. "ह्यांनाही गल्लीनंच बसवलं होतं. अध्यक्ष व्हायचे कोणी ना कोणी बडे साहेब, त्यांना कुठं सोवळं नेसता येत होतं!"

हेमचंद्रने वळून आईकडे पाहिले. खांबाआडून पाहणाऱ्या मुलाने एवढी वर्षे एक पदवी वडिलांना आपल्याच मनाने देऊन ठेवली होती. त्याचे खांदे हलू लागले. तो हसत होता की काय, हे मागून कळेना.

मी पद्माकरला हळूच विचारले, "हे आता वार्त्तिक म्हणून जोडून टाकणार का? 'यजमान लोकांनी निवडावा'?"

"नको अण्णा. लिहिलं, की त्याचंही पद होईल."

मग मी संकल्प सांगितला. एकट्याच्या घरची पूजा असती तर यजमानाने 'मम' म्हणावे. इथे मी 'अस्माकं सर्वेषाम्' म्हटले, आम्हा सर्वांच्या कल्याणासाठी, आणि हेमचंद्रच्या मोठ्या आवाजात ते सभागृहभर घुमले. पद्माकरने चमकून माझ्याकडे पाहिले. त्याची ती पुस्तिकाही 'आम्ही लोक' असे म्हणूनच उघडते. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्या भरात पुढचे उपचार कुठवर आले याचे त्याला भान राहिले नाही. गंध झाले, फुले झाली. हेमचंद्रने मागे न पाहता उजवा हात लांब केला.

"पद्या," तो म्हणाला, "दूर्वा कुठायत?"

जुलैनंतर त्याने पद्माकरला मारलेली ती पहिली हाक. पद्माकर दचकला, ताटाकडे धावला, ताटात पाहिले, चौरंगाखाली पाहिले, अरुणाकडे पाहिले. अरुणाने नुसते बोट दाखवले. दूर्वांची जुडी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, सकाळपासून त्याच्याच मुठीत होती.